दागिन्याची घडणावळ आणि कारागिणीचें स्वातंत्र्य

शब्दही नाण्यांसारखेच असतात. हातोहातीं फिरून ते झिजतात. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आपल्या भाषेनें फार महाग घेतलेला आहे. त्यासाठीं दोन पिढ्यांनीं तुरुंग पाहिले, पुष्कळांनीं घरादारावर पाणी सोडलें. तोच शब्द हल्लीं एका बारीक दोऱ्यानें कानांतल्या डुलास बांधून विकावयास ठेवलेला दिसतो. अफगाण स्त्रिया आपल्या हातांनीं चांदीचे दागिने घडवितात, त्यांत निळा लाजवर्द बसवितात, आणि तेणेंकरून स्वतंत्र होतात. सबब हा दागिना विकत घेणारा मनुष्यही कोणाच्या तरी मुक्ततेस हातभार लावतो, असा मजकूर गेल्या कांहीं वर्षांत देशोदेशींच्या वृत्तपत्रांतून व प्रदर्शनांच्या पत्रकांतून वारंवार येत आहे. तोच सूर आतां आमच्याकडील बायांच्या हातकामाविषयींही लागूं लागला आहे. या सुराविरुद्ध चार शब्द लिहावेत असें आम्हांस वाटतें. आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों, कीं आमचा वाद दागिना घडविणाऱ्या बाईशीं नाहीं. तिच्या हातास आम्ही नमस्कारच करतों. आमचा वाद तिच्या वतीनें दुसऱ्यांनींच लिहिलेल्या त्या वाक्याशीं आहे.

प्रथम अफगाणिस्तानाचेंच पाहूं. बदख्शान प्रांतांत कोक्चा नदीच्या खोऱ्यांत सर-ए-संग येथें लाजवर्दाच्या खाणी आहेत. आमच्या जुन्या ग्रंथकारांनीं ज्यास राजावर्त म्हटलें तोच हा दगड. हजारों वर्षांपासून तो तेथून निघत आला आहे. सुमेरांतील उर नगरीच्या राजथडग्यांत तो सांपडला. मिसरच्या तुतनखामेन राजाच्या मुखवट्यावर तो आहे. सिंधु-संस्कृतीच्या लोकांनीं उत्तर अफगाणिस्तानांत शोर्तुगाई येथें जी वसाहत केली तिच्या अवशेषांतही तो मिळाला. आणि युरोपांतील चितारी मेरीमातेच्या वस्त्राचा निळा रंग त्याचीच पूड करून बनवीत. इतक्या दीर्घ इतिहासांत या दगडानें व्यापारी श्रीमंत केले, राजे सजविले, आणि अलीकडच्या काळांत हत्यारबंद टोळ्याही पोसल्या. २०१६ सालीं ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत या खाणींचा पैसा तालिबान व इतर सशस्त्र गट यांच्या हातीं कसा जात होता याचें विस्तारानें वर्णन आहे. मात्र दगड फोडणारा किंवा घासणारा या निळाईनें श्रीमंत झाला, असें कोठेंही आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

२००६ सालीं काबुलांत ‘टर्क्वॉइज माउंटन’ ही संस्था निघाली. तिनें जुन्या शहरांतील मुराद खानी मोहल्ल्याची पडझड सावरली आणि जवाहिऱ्याचें काम, सुतारकाम, सुलेखन, कुंभारकाम हीं शिकविण्याची सोय केली. तेथें मुलीही शिकल्या. हें काम स्तुत्य, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु तें ज्या काळांत सुरू झालें त्या काळीं काबुलची मुलगी जशी दागिने घडवूं शके, तशीच ती डॉक्टर, वकील, शिक्षिका, वार्ताहर किंवा संसदेची सभासदही होऊं शके. अनेक वाटांपैकीं ती एक वाट होती. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तालिबाननें काबूल घेतलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हुकूम निघाला, कीं पुरुष नातलग सोबत असल्यावांचून स्त्रीनें ७२ किलोमीटरांपलीकडे प्रवास करूं नये. मार्च २०२२ मध्यें मुलींच्या माध्यमिक शाळा उघडतां उघडतां पुन्हां बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्यें विद्यापीठांचीं दारें त्यांना मिटलीं, आणि त्यानंतर चारच दिवसांनीं बिनसरकारी संस्थांतील नोकऱ्याही गेल्या. जुलै २०२३ मध्यें बायकांनीं बायकांसाठीं चालविलेलीं शृंगारगृहेंसुद्धां बंद करविण्यांत आलीं. इतकीं दारें एकामागून एक लागल्यावर बहुतेकींना उरलें काय? घरांत बसून करावयाचें हातकाम.

या उरलेल्या एका झरोक्यास मुक्तीचा राजमार्ग म्हणणें ही क्रूर थट्टा आहे. झरोक्यांतून येणारें अन्न खरें आहे, यांत वाद नाहीं. ज्या घरांत शिकलेल्या बाईची नोकरी गेली, नवऱ्यास काम नाहीं, आणि परदेशांतून बँकेमार्फत पैसा येणेंही दुरापास्त झालें, तेथें चार अंगठ्यांचे पैसे म्हणजे महिन्याचें पीठ असतें. त्या पिठास हिणविण्याइतके आम्ही कृतघ्न नाहीं. परंतु कैद्यानें तुरुंगांत सतरंजी विणली आणि तिचे चार पैसे त्याच्या नांवें जमा झाले, तर त्या पैशांस आपण कमाई म्हणतों; सुटका म्हणत नाहीं. हा भेद पत्रकांतील त्या वाक्यांत पुसला जातो. आणि ज्यांनीं दारें लावलीं त्यांना अशा स्तुतीचा कांहींच उपद्रव होत नाहीं. बाई घरांतच आहे, हात चालूं आहे, बाहेरचें जग टाळ्या वाजवीत आहे. यापेक्षां त्यांना अधिक सोयीचें काय असूं शकेल?

परंतु काबूल दूर आहे, आणि दूरच्या जुलुमाविषयीं लिहिणें सोपें असतें. कारागिरीनें स्वातंत्र्य येतें कीं नाहीं, याचा दाखला आमच्या पायांखालींच आहे. आम्ही ज्या भिवंडींत शिकवितों तिच्या महानगरपालिकेच्या नांवांतच निजामपूर जोडलेलें आहे, आणि निजामपुऱ्याच्या आसपास कोठेंही उभें राहिलें तरी मागांचा खडखडाट कानीं येतो. १८५७ च्या उठावानंतर आजच्या उत्तर प्रदेशांतून मोमीन विणकर आपला जीव आणि आपला हुन्नर घेऊन दक्षिणेकडे आले. मालेगांव, भिवंडी वगैरे ठिकाणीं त्यांनीं हातमाग मांडले. घर गेलें, गांव गेलें, हातांतील कसब तेवढें राहिलें, आणि त्या कसबावर वस्त्या उभ्या राहिल्या. निर्वासित कारागिरांची जी गोष्ट आज अफगाणांच्या नांवानें सांगतात, ती आमच्या गल्ल्यांनीं दीड शतकापूर्वींच पाहिलेली आहे. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हातमागाच्या जागीं यंत्रमाग येऊं लागले. १९८२ सालच्या मुंबईच्या गिरणी संपानंतर त्यांची संख्या भराभर वाढली. आणि आज भिवंडी हें देशांतील यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकीं एक आहे.

आतां एवढ्या दीर्घ कसबानें विणकर स्वतंत्र झाला काय? थोडे झाले, व्यापारी झाले, त्यांच्या माड्या उठल्या. बाकीच्यांची स्थिति काय आहे ती पाहावी. माग त्याचा, पत्र्याची शेड त्याची, विजेचें बिल त्याच्या नांवावर. पण सूत व्यापाऱ्याचें, आणि विणून झालेलें कोरें कापडही व्यापाऱ्याचेंच. मधल्या श्रमाबद्दल मीटरामागें ठरलेली मजुरी तेवढी याची. यास येथें ‘जॉब’वर काम करणें म्हणतात. सुताचा भाव अस्थिर झाला किंवा कापडास उठाव नसला, कीं व्यापारी सूत देणें थांबवितो, आणि मालक म्हणविणारा हा गृहस्थ माग बंद ठेवून दारांत बसतो. त्याच्या हाताखालीं उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले जे कामगार बारा बारा तासांच्या पाळीनें उभे असतात त्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. कसब होतें, यंत्रही होतें; भाव ठरविण्याची सत्ता मात्र कधीं हातीं आली नाहीं. जी गोष्ट माग असलेल्या पुरुषास साधली नाहीं, ती सुई असलेल्या बाईस आपोआप साधेल असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं.

मागावरच्या मजुरींत घर भागत नाहीं, म्हणून घरांतील बाई कांहीं ना कांहीं हातकाम घेते. कोणी कांड्या भरते, कोणी शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापते, कोणी खडे आणि टिकल्या चिकटविते, कोणी मोती ओवते. भिवंडींत मोत्यांचे कारखाने आहेत. हे मोती शिंपल्यांतले नव्हेत; रंग व चकाकी दिलेले कृत्रिम मणी आहेत. त्यांच्या माळा करण्याचें काम घरोघर जातें. मध्यस्थ, किंवा त्याच गल्लींतील एखादी अंमळ चलाख बाई, पिशवी टाकून जाते. मणी वजन करून देते आणि माळा मोजून घेते. दर डझनावर असतो, आणि तो बाईस सांगितला जातो. विचारला जात नाहीं. माळ तुटली, मणी कमी भरले, रंग डागळला, तर पैसे कापले जातात. दिवा बाईचा, जागा बाईची, मान आणि डोळेही बाईचेच. पण यांचें भाडें दरांत धरलेलें नसतें. अशीच माळ पुढें कांचेच्या कपाटांत जाते आणि तिच्याखालीं ‘हातानें केलेली’ अशी चिठ्ठी लागते. किंमत चढते ती त्या हाताच्या नांवावर. चढलेली किंमत मात्र त्या हातापर्यंत परत येत नाहीं.

मणी खोटे म्हणून हें असें होतें, खऱ्या सोन्यारुप्याच्या धंद्यांत निराळें असेल, अशी कोणाची समजूत असेल तर तीही टिकणारी नाहीं. सोनाराच्या दुकानीं गेलेल्या प्रत्येकास ‘घडणावळ’ हा शब्द ठाऊक आहे. गिऱ्हाईक घडणावळ देतें आणि समजतें, कीं ही घडविणाऱ्यास पोहोंचली. मुंबईच्या झवेरी बाजाराच्या आसपास, जुन्या इमारतींच्या कोंदट खोल्यांतून, बंगालमधून आलेले कारागीर काम करतात. पुष्कळजण तेथेंच जेवतात आणि तेथेंच निजतात. दुकानांतील घडणावळ व त्यांच्या हातीं पडणारी मजुरी यांची तुलना कोणीं तरी एकदां करून पाहावी. या धंद्यांत सोन्याची घट गुंजेपर्यंत मोजली जाते. दुकानांतील केरसुद्धां फुकट जात नाहीं. झारेकरी तो विकत घेतो, धुतो, आणि त्यांतून सोन्याचा कण काढतो. केराचाही हिशेब ठेवणाऱ्या या धंद्यांत कारागिराच्या दृष्टीचा हिशेब कोणीं ठेवलेला आम्हीं पाहिला नाहीं. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरला जातो, आणि त्यावरून सोन्याचा कस, तो तपासणारें केंद्र आणि विकणारा दुकानदार यांचा पत्ता लागतो. चांगली सोय आहे. फक्त दागिना घडविला कोणीं, एवढेंच तेवढें त्यावरून कळत नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील हुपरी गांवाचें नांव चांदीच्या पैंजणांमुळें दूरवर गेलें. तेथें घरोघर बाया साखळ्या जोडतात, घुंगरू बसवितात. गांवाचें नांव झालें, व्यापाऱ्याचेंही झालें. साखळी जोडणारीचें नांव तिच्या उंबऱ्याबाहेर गेलें नाहीं.

आतां याच्या शेजारीं एक अगदीं अरसिक धंदा ठेवून पाहूं. विडी वळण्यास कोणी कला म्हटलेलें नाहीं. विडीचें प्रदर्शन भरत नाहीं, आणि विडी ओढणारा कोणा स्त्रीस स्वतंत्र केल्याचा अभिमान वाहत नाहीं. तंबाखूची धूळ वळणारीच्या छातींत जाते, ओढणारा तर तिच्याही आधीं मरतो. या धंद्याची भलावण करण्याची आम्हांस मुळींच इच्छा नाहीं. तथापि १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्यानें पानतंबाखू घरीं नेऊन वळणारी बाईही कामगार ठरली. तिला ओळखपत्र मिळालें, कल्याणनिधीचा हक्क मिळाला, आणि मुख्य म्हणजे दराविषयीं भांडण्यास उभें राहण्याची जागा मिळाली. सोलापुरांत हजारों विडीकामगार बायांनीं संघटना केली, मोर्चे काढले, आणि गोदूताई परुळेकरांच्या नांवानें कुंभारी येथें दहा हजारांवर घरांची वसाहत उभी राहिली. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्तें त्या घरांचें वाटप झालें. आमचा सवाल साधा आहे. जिच्या कामास कोणीं कला म्हटलें नाहीं तिला घर मिळालें, आणि जिच्या कामाची कला म्हणून आरती ओवाळली जाते तिला डझनाचा दरही विचारतां येत नाहीं, हें कां? याचें उत्तर आमच्या मतें असें, कीं विडीस आपण काम म्हटलें, आणि कामास मजुरी लागते. दागिन्यास आपण कला म्हटलें, आणि कलावंतापाशीं मजुरीचें नांव काढणें हें असभ्यपणाचें लक्षण समजलें जातें. स्तुति ही मजुरीच्या ऐवजीं देण्याची वस्तु होऊन बसली आहे.

स्त्री आणि दागिना यांच्या संबंधांत ही युक्ति कांहीं नवी नाहीं. आमच्या धर्मशास्त्रानें स्त्रीधनाचा मोठा गौरव केला आहे, आणि मिताक्षरेनें तर त्याची व्याप्ति पुष्कळच वाढविली. लग्नांत अंगावर घातलेला दागिना हा बाईचा स्वतःचा, अडीअडचणीस तिच्या कामीं येणारा, असें पिढ्यान् पिढ्या अभिमानानें सांगण्यांत आलें. तें खोटें नव्हतें. कित्येक विधवांचे दिवस पाटल्या मोडूनच निघाले. परंतु पाटल्यांचें हें कौतुक चाललें असतां शेत कोणाच्या नांवावर होतें? घर कोणाच्या? मुलींना वडिलार्जित मिळकतींत मुलग्याच्या बरोबरीनें जन्मसिद्ध वांटा महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें आणि सर्व देशांत २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. तोंपर्यंत तिला सांगितलें जात होतें, कीं तुझ्या अंगावर सोनें आहे, तुला शेताची काय गरज? पूर्वीं दागिना अंगावर घालणारीस जें सांगत तेंच आज दागिना घडविणारीस सांगत आहेत. तुझ्या हातांत कला आहे, तुला करार, नांव, वही, संघटना यांची काय गरज? लहान हक्काचा मोठा गौरव करून मोठा हक्क नाकारण्याची ही जुनीच रीति आहे.

यावर कांहीं आक्षेप येतील, आणि ते विचारांत घेणें प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा, कीं अर्धी भाकर तरी मिळते आहे, तींत तुम्ही माती कां कालवितां? उत्तर असें, कीं भाकर अर्धी आहे एवढेंच आम्ही म्हणतों. अर्ध्या भाकरीस अर्धी म्हटल्यानें ती कमी होत नाहीं. तिला पूर्ण म्हटल्यानें मात्र उरलेली अर्धी मागण्याचें तोंड बंद होतें. दुसरा आक्षेप असा, कीं घरीं बसून काम केलें तर मुलें सांभाळतां येतात, बाहेरची यातायात व लोकांची बोलणीं चुकतात. पुष्कळ बाया स्वतःच असें म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें आम्ही खोटें पाडूं इच्छीत नाहीं. परंतु घरीं बसणें निराळें आणि घरीं बसविलें जाणें निराळें. जिला बाहेर जातां येतें आणि तरी जी घरीं काम करते ती स्वतंत्र. जिला दुसरी वाट नाहीं ती नव्हे, मग तिच्या माळा कितीही सुबक होवोत.

तिसरा आक्षेप व्यापाराचा आहे. दर वाढविला कीं वस्तु महागेल, महागली कीं गिऱ्हाईक जाईल, आणि मग बाईस आहे तेंही मिळणार नाहीं. हा आक्षेप आपल्या देशांतील सर्वांत मोठ्या हस्तव्यवसायासही एके काळीं ऐकावा लागला होता. खादीइतकी थोर हातकामाची चळवळ येथें दुसरी झाली नाहीं. तींतही कातणारीच्या हातीं अगदीं क्षुल्लक पैसे पडतात हें महात्माजींच्या मनास लागलें, आणि १९३५ सालीं चरखा संघानें कातणारीस निर्वाहाच्या दृष्टीनें किमान मजुरी देण्याचें धोरण पत्करलें. खादी महागेल, विक्री बसेल, अशी भीति तेव्हांही घातली गेली. महात्माजींचा आग्रह असा, कीं जी खादी कातणारीस उपाशी ठेवते ती स्वस्त असून कामाची नाहीं. ज्या चळवळीच्या नांवांतच स्वराज्य होतें तिलाही ‘आधीं मजुरी’ म्हणावें लागलें, तर कानांतल्या डुलास त्यांतून सूट कां मिळावी?

हातकामानें स्वातंत्र्य कधींच येत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. येतें, परंतु तें कसें येतें याचीं उदाहरणें आपल्याच प्रांतांत आहेत. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात बायांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. ‘लिज्जत’ त्यांतून निघालें. तेथेंही पीठ घरीं नेतात आणि पापड मोजून देतात. वरवर पाहतां मण्यांच्या पिशवीसारखेंच काम. भेद एवढाच, कीं लाटणारी बाई संस्थेची सभासद व भागीदार असते, आणि नफ्यांत तिचा वांटा असतो. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं गिरणगांवांतील खानावळवाल्या बायांचें ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलें. त्या बाया गिरणी कामगारांस जेवूं घालीत आणि वाण्याच्या व सावकाराच्या व्याजांत बुडून जात. मंडळानें त्यांना स्वयंपाक शिकविला नाहीं. तो त्यांना येतच होता. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळवून दिलें. १९७२ सालीं अहमदाबादेस इला भट्टांनीं ‘सेवा’ ही संघटना स्थापिली, तेव्हां कामगार खात्यानें नोंदणीस हरकत घेतली, कीं या बायांचा मालक कोण तें दिसत नाहीं, मग यांची कामगार संघटना कशी? याच ‘सेवे’च्या खटपटीनें पुढें १९९६ सालीं आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें घरीं बसून काम करणाऱ्यांविषयींचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला, भारतानें मात्र त्यास मान्यता दिलेली नाहीं. या तिन्ही उदाहरणांत बाईस नवें कसब कोणीं दिलें नाहीं. दिली ती मालकी, पत आणि संघटना. कसब आधींपासूनच तिचें होतें.

याहून एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती बोलल्यावांचून आमच्यासारख्या शिक्षकाचें समाधान होणार नाहीं. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत मुलींना विणकाम शिकविलें, छापखानाही चालवावयास दिला. पण अक्षरज्ञान आधीं. रमाबाई रानड्यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढलें, तेथें शिवणकाम होतें आणि त्याच्या बरोबरीनें शाळाही होती. आमच्या सुधारकांनीं सुई दिली ती पाटीबरोबर दिली. पाटी काढून घेऊन सुई दिली नाहीं. आज काबुलांत पाटी काढून घेतलेली आहे, आणि हातीं सुई आहे. निजामपुऱ्यांत असें कोणतेंही फर्मान नाहीं. तरीही दोन वर्षांपूर्वीं तिकडील एक मुलगी, कवितेची फार चांगली समज असलेली, दिवाळीनंतर आमच्या वर्गांत येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हां कळलें, कीं लग्नसराईच्या माळांचें काम वाढलें आहे आणि आईस आणखी दोन हात पाहिजेत. मुलीस कोणीं अडविलें नव्हतें; आईही वाईट नव्हती. डझनाचा दर असा होता, कीं एका बाईच्या हातांनीं घर चालेना. परीक्षेस ती बसली नाहीं. त्या मोसमांतील त्या माळा कोठें तरी विकल्या गेल्या असतील, आणि कोणीं सांगावें, त्यांच्याखालीं स्त्रियांच्या स्वावलंबनाविषयीं दोन गोड ओळीही असतील.

म्हणून हातकामाच्या कैवाऱ्यांस आमची विनंति आहे. दागिना अवश्य घ्या. तो न घेतल्यानें कोणाचें भलें होणार नाहीं. परंतु घेतांना चार गोष्टी विचारा. चांदी किंवा मणी कोणाच्या मालकीचे? दर कोणीं ठरविला? वस्तूवर नांव कोणाचें? आणि जमाखर्चाची वही कोणाच्या हातीं? चारही उत्तरें घडविणारीकडे बोट दाखवीत असतील, तर स्वातंत्र्य हा शब्द खुशाल वापरा. आमच्या सरकारानें २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यांत व पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घरीं काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या करून ठेवली आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमवर अशा कामगारांची नोंदणीही होते. व्याख्या झाली, नोंद झाली. आतां दर ठरवावा, आणि पिशवी टाकून जाणाऱ्यामागें जो व्यापारी उभा आहे त्यास कायद्यानें मालक म्हणावें. निजामपुऱ्याच्या बायांनीं सोलापूरच्या बायांकडे एकदां जाऊन यावें. विडी आणि मोती यांत अंतर असेल, पण डझनाचा दर आणि हजाराचा दर हे सख्खे भाऊ आहेत.

आणि अफगाण भगिनींविषयीं बोलावयाचें तर त्यांच्या अंगठीची किंमत पुरती द्यावी, आणि तीबरोबर त्यांच्या शाळेची मागणीही करीत राहावें. अंगठी घेऊन शाळेचा विसर पडत असेल, तर ती खरेदी सहानुभूतीची नव्हे, सोयीची आहे. ज्या दिवशीं काबुलची मुलगी दागिने घडविण्याचें नाकारून वैद्यकशाळेंत जाऊं शकेल, आणि ज्या दिवशीं निजामपुऱ्याची आई पिशवी परत करून ‘या दरानें जमणार नाहीं’ असें म्हणूं शकेल, त्या दिवशीं त्यांच्या हातच्या दागिन्यास स्वातंत्र्याचा दागिना म्हणण्यास आम्ही सर्वांच्या आधीं येऊं. तोंपर्यंत त्यास मजुरी म्हणावें, आणि ती पुरती द्यावी.